अर्धशिशी, गोळ्यांचा अतिरेक आणि नसेवरचे उपचार : ठाण्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्णाला येथे मेधाताई म्हटले आहे. नाव, नोकरीचे स्वरूप आणि ओळख पटू शकेल असे बाकीचे तपशील बदललेले आहेत. वय बेचाळीस, राहणे घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या बाजूला आणि नोकरी ऐरोलीतील एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात. माहेर नौपाड्यातले असल्यामुळे लग्नानंतरही घरचा डॉक्टर म्हणून त्या माझ्याकडेच येत राहिल्या. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्ट, वेदनातज्ज्ञ, विमा एजंट आणि नातेवाईक या सगळ्यांची मते एकाच फायलीत जमा होताना मला पाहता आली.

अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा, त्रास त्यांना बारावीपासून होता आणि त्यांच्या आईलाही तो होता. उजव्या डोळ्यामागून ठणका सुरू होणे, उजेड आणि फोडणीचा वास नकोसा होणे, ओकारी झाली की थोडा आराम पडणे, कपाळाला ओढणी आवळून अंधाऱ्या खोलीत पडून राहणे, असे महिन्यातून तीन-चार वेळा आणि बहुधा पाळीच्या आसपास होत असे. गेल्या दोन वर्षांत मात्र चित्र बदलले. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीमुळे त्या सकाळी सातलाच घर सोडू लागल्या, नाश्ता हुकू लागला, ठाणे स्टेशनवरून ऐरोलीची गाडी पकडेपर्यंत मान भरून येऊ लागली आणि ठणका नसलेल्या दिवशीही डोके जड राहू लागले.

या दोन वर्षांत चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला, सायनसची औषधे झाली आणि मेंदूचा एमआरआय दोन वेळा झाला. दोन्ही अहवाल निर्दोष होते. दुसरा कशासाठी काढला याचे कारण कोणत्याही कागदावर मला सापडले नाही. रोज घेण्याच्या प्रतिबंधक औषधांचा अनुभवही चांगला नव्हता. लहानपणापासून दमा असल्यामुळे प्रोप्रानोलॉल देता येत नव्हते. फ्लुनारिझिनने सहा महिन्यांत वजन वाढले आणि मन उदास राहू लागले. टोपिरामेटने डोकेदुखी निश्चित कमी झाली होती. पण बोलताना साधे शब्द आठवेनासे झाले आणि पुढे मूतखडा निघाला, तेव्हा ते बंद करावे लागले. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातील स्त्रीला शक्यतो देत नाहीत, त्यामुळे त्याचा विचार झाला नाही.

फेब्रुवारीत त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. “डॉक्टर, आता गोळी नको. नेरूळच्या मावसबहिणीने मानेत नस ब्लॉक करून घेतली, तसं काहीतरी सांगा.” सोबत आलेल्या यजमानांच्या मोबाइलमध्ये कपाळावरची नस मोकळी करून अर्धशिशी कायमची घालवण्याचे आश्वासन देणारी एक चित्रफीत होती.

नेमकी अडचण

गोळी नको म्हणणारा रुग्ण प्रत्यक्षात किती गोळ्या घेतो, हे आधी पाहावे लागते. मेधाताईंच्या पर्समध्ये दोन पाकिटे होती : पॅरासिटामॉल आणि कॅफीन यांच्या मिश्रणाची, चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी आणि नॅप्रोक्सेन हे साधे वेदनाशामक. महिन्याला किती लागतात, असे विचारल्यावर “लागेल तशी” असे उत्तर आले. हे उत्तर बहुतेक सगळेच देतात आणि त्यावरून काहीही ठरवता येत नाही.

म्हणून उपचार न बदलता पहिले चार आठवडे केवळ नोंद करायची असे ठरले. मोबाइलमधील ॲप त्यांना नको होते, कारण पडद्याकडे पाहिले की डोळे दुखत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या नोंदीशेजारी, डोके दुखले त्या तारखेला निळा ठिपका, त्यात ठणका, मळमळ किंवा उजेडाचा त्रास असेल तर ठिपक्याभोवती गोल आणि कोणतीही वेदनाशामक गोळी घेतली तर लाल रेघ, एवढेच लिहायचे होते. महिन्याअखेर त्यांनी पान फाडून आणले. निळे ठिपके १९, गोल ११ आणि लाल रेघा १६.

या तीन आकड्यांनी निदान बदलले. तीन महिन्यांहून अधिक काळ दरमहा १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतील, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला दीर्घकालीन मायग्रेन म्हणतात. मिश्र वेदनाशामक गोळ्या किंवा ट्रिप्टान वर्गातील, मायग्रेनच्या झटक्यावर घेण्याची औषधे तीन महिन्यांहून अधिक काळ दरमहा १० किंवा जास्त दिवस, अथवा साधी वेदनाशामके १५ किंवा जास्त दिवस घेतली जात असतील, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते आहे असा संशय घ्यावा लागतो. मेधाताई दोन्ही व्याख्यांत बसत होत्या. मागच्या दोन वर्षांचे दिवस त्यांच्या आणि यजमानांच्या आठवणीवरून जोडावे लागले. पण दोघांचेही म्हणणे जुळत होते.

धोक्याची लक्षणे त्याच भेटीत पडताळली. डोकेदुखी अचानक, क्षणात शिगेला पोचणारी नव्हती. ताप, वजन घटणे, हातापायातील अशक्तपणा किंवा दृष्टी जाणे यांपैकी काही नव्हते. रक्तदाब ठीक होता आणि डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीत सूज नव्हती. तिसऱ्या एमआरआयची गरज नव्हती. तपासताना एक गोष्ट मात्र ठळकपणे जाणवली. डोक्याच्या मागे उजवीकडे, केसांच्या रेषेच्या थोडे वर दाबले की वेदना सरळ उजव्या डोळ्यामागे जात होती.

पर्यायांचा विचार

कपाळ आणि डोळ्याभोवतीची संवेदना ट्रायजेमिनल मज्जातंतूची वरची शाखा नेते. डोक्याच्या मागच्या भागाची संवेदना मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरून निघणारा मोठा ऑक्सिपिटल मज्जातंतू नेतो. हे दोन्ही मार्ग मानेच्या वरच्या भागातील मज्जारज्जूत एकाच ठिकाणच्या पेशींवर येऊन मिळतात. मानेवर दाबल्यावर डोळ्यामागे दुखते ते यामुळे, आणि डोळ्यामागच्या दुखण्यासाठी मानेत सुई टोचण्याला आधार आहे तोही यामुळेच.

समोर पाच वाटा होत्या. त्या सगळ्यांवर सारखा वेळ गेला नाही, कारण दोन वाटा लवकर बाजूला झाल्या.

शस्त्रक्रियेचा आग्रह यजमानांचा होता. “एकदाच काय तो सोक्षमोक्ष लागू दे,” असे ते म्हणत. या शस्त्रक्रियेमागे खरा इतिहास आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे प्लास्टिक सर्जन बाहमन गुयुरॉन यांनी कपाळाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांची अर्धशिशी कमी झाल्याचे पाहिले आणि २००९ मध्ये ७५ रुग्णांवर चाचणी प्रसिद्ध केली. तीत काहींची शस्त्रक्रिया खरी, तर काहींची नुसती कातडी उघडून शिवलेली होती. खऱ्या शस्त्रक्रियेच्या गटात ८३.७ टक्के लोकांचा त्रास निम्म्याने किंवा अधिक कमी झाला. चित्रफितीत हा आकडा होता. खोट्या शस्त्रक्रियेच्या गटातही ५७.७ टक्के लोकांना तेवढाच आराम मिळाला होता, हे चित्रफितीत नव्हते. अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१३ मध्ये, संशोधनाबाहेर अशी शस्त्रक्रिया सुचवू नये, असा सल्ला दिला. कापलेला किंवा मोकळा केलेला मज्जातंतू पूर्ववत करता येत नाही, आणि बाकीच्या चारही वाटा बंद करून मागे येता येत होते. यजमानांना आकड्यांपेक्षा हा मुद्दा अधिक पटला.

दुसरी वाट सीजीआरपी या वेदनेशी संबंधित रेणूला अडवणाऱ्या मासिक इंजेक्शनांची. ती मुळात औषधेच आहेत आणि दर महिन्याचा तो खर्च कुटुंबाला झेपणार नव्हता. आधी इतर पर्याय पाहून गरज पडल्यास तिकडे वळायचे, असे ठरले.

तिसरी वाट ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉकची, म्हणजे त्या मज्जातंतूभोवती भूल देणारे औषध सोडण्याची. खर्च कमी, वेळ दहा मिनिटे आणि जोखीम थोडी. पुरावा मात्र एका दिशेचा नाही. तुर्कस्तानातील २०१५ च्या चाचणीत दीर्घकालीन मायग्रेनच्या रुग्णांना आठवड्याला एक असे ब्युपिव्हाकेन या भुलीच्या औषधाचे ब्लॉक दिल्यावर फायदा दिसला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मेयो क्लिनिकच्या चाचणीत एका ब्लॉकने नाममात्र मात्रेच्या तुलनेत फरक पडला नाही. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातील २०२२ च्या अभ्यासात टोपिरामेटच्या जोडीला ब्लॉक दिल्यावर नुसत्या टोपिरामेटपेक्षा चांगला परिणाम मिळाला. हे सगळे एकत्र वाचले तर एवढेच म्हणता येते की ब्लॉक हा काही आठवड्यांचा आधार आहे आणि तो वारंवार किंवा दुसऱ्या उपायाच्या जोडीने दिला तर उपयोगी पडण्याची शक्यता वाढते.

चौथी वाट बोटॉक्सची. दीर्घकालीन मायग्रेनसाठी अमेरिकेत त्याला ऑक्टोबर २०१० मध्ये मान्यता मिळाली. कपाळ, कानशील, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे येथील सात स्नायूगटांत ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी, अशी त्याची ठरलेली पद्धत आहे. सुरकुत्यांसाठी वापरतात तेच हे औषध. येथे मज्जातंतूंच्या टोकांतून वेदनेचे रेणू बाहेर पडणे ते रोखते. मान्यता ज्या दोन चाचण्यांवर मिळाली त्यांत २४ आठवड्यांनंतर महिन्याचे डोकेदुखीचे दिवस बोटॉक्सने ८.४ ने कमी झाले, तर नुसत्या सलाइनच्या सुयांनी ६.६ ने. फरक खरा आहे. पण जाहिरातीत दाखवतात तेवढा मोठा नाही.

पाचवी वाट बाहेरून विद्युत उत्तेजन देणाऱ्या यंत्रांची. कपाळावर लावायचे यंत्र ट्रायजेमिनलच्या शाखांना रोज २० मिनिटे सौम्य झिणझिण्या देते. बेल्जियममधील ६७ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी ३८.१ टक्के लोकांचे मायग्रेनचे दिवस निम्म्यावर आले. खोट्या यंत्राच्या गटात १२.१ टक्क्यांचे. दंडाला बांधायचे दुसरे यंत्र ४५ मिनिटे वापरतात. एका जागची वेदनेहून सौम्य अशी उत्तेजना मेंदूच्या स्वतःच्या वेदनाशामक मार्गांना जागे करते, या तत्त्वावर ते चालते, आणि २०२३ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने ते भारतात आणले. पेसमेकर असलेल्यांनी ही यंत्रे वापरायची नसतात. मेधाताईंना तशी अडचण नव्हती.

याच काळात विमा एजंटाने सुचवले की ब्लॉक किंवा बोटॉक्स एक रात्र दाखल होऊन घेतले तर पैसे पॉलिसीतून निघतील. बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटांत होणाऱ्या इंजेक्शनासाठी भरतीचा कागद तयार करणे मी मान्य केले नाही. दावा नाकारला गेला असता तर पुढच्या खऱ्या दाव्यांवरही त्याची सावली पडली असती, हे व्यवहाराच्या भाषेत सांगितल्यावर विषय संपला.

पहिला टप्पा : गोळ्या बंद आणि मानेतील ब्लॉक

खरा निर्णय क्रमाचा होता. मिश्र गोळ्या चालू ठेवून कोणताही नसेवरचा उपचार सुरू केला असता, तर पैसे आणि उमेद दोन्ही वाया जाण्याची शक्यता मोठी होती. दुसरीकडे, या गोळ्या थांबवल्या की पहिला आठवडा-दोन आठवडे डोके आधीपेक्षा जास्त उठते आणि बहुतेक रुग्ण तेथेच हार मानतात. न्यूरॉलॉजिस्टांशी बोलून असे ठरले की ब्लॉक याच पंधरवड्यासाठी वापरायचा, म्हणजे गोळ्या सुटेपर्यंतचा पूल म्हणून. जोडीला रात्री ॲमिट्रिप्टिलिन हे प्रतिबंधक औषध १० मिलिग्रॅम द्यायचे आणि फारच असह्य झाले तर आठवड्यातून दोन दिवसांपर्यंत नॅप्रोक्सेनची मुभा ठेवायची. “गोळी नको” या मूळ मागणीला ही रात्रीची गोळी छेद देत होती आणि त्यावर बराच वेळ बोलावे लागले.

दिवस निवडतानाही विचार करावा लागला. हिशेब विभागातल्या माणसाला मार्चअखेर रजा मिळत नाही आणि त्या धावपळीत गोळ्या तोडायला सांगणे म्हणजे अपयश ठरवून टाकणे होते. म्हणून एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबलो आणि तोपर्यंत लाल रेघा वाढू द्यायच्या नाहीत एवढेच पाहिले.

ब्लॉक वाशीतील वेदनातज्ज्ञांकडे झाला. इंजेक्शनात स्टेरॉइड घालायचे की नाही, हा छोटा पण महत्त्वाचा निर्णय होता. क्लस्टर डोकेदुखी या वेगळ्या प्रकारच्या, एका डोळ्याभोवती उठणाऱ्या तीव्र दुखण्यात स्टेरॉइडचा फायदा अभ्यासांत दिसला आहे. मायग्रेनमध्ये त्याने भर पडते असे स्पष्ट दिसलेले नाही. स्टेरॉइडने टोचल्या जागची कातडी पातळ होऊ शकते आणि केस विरळ होऊ शकतात. मेधाताईंची साखर सीमारेषेवर होती, तेव्हा केवळ भुलीचे औषध वापरायचे ठरले.

प्रत्यक्ष कृती पाहण्यासारखी असते. रुग्णाला टेबलासमोर बसवून उशीवर कपाळ टेकायला लावतात. डोक्याच्या मागे मधोमध हाताला लागणारा हाडाचा उंचवटा आणि कानामागचे हाड यांना जोडणारी रेषा मनात धरून, उंचवट्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बोटाने चाचपत जातात. जवळून जाणाऱ्या धमनीचे ठोके बोटाला लागतात आणि ती चुकवायची असते. मेधाताई “हो, इथेच, डोळ्यात गेली कळ” म्हणाल्या ती जागा नेमकी त्या रेषेवर होती. केस बाजूला करून बारीक सुई हाडाला लागेपर्यंत आत घेतली, किंचित मागे ओढली, रक्त येत नाही ना हे पाहिले आणि औषध पंख्यासारखे पसरवले. दहा मिनिटांनी त्यांनी मागच्या केसांवरून हात फिरवला आणि ते केस आपले नसल्यासारखे वाटतात म्हणाल्या. मागचा भाग असा बधिर होणे हीच औषध योग्य जागी गेल्याची खूण मानतात. अर्धा तास तेथेच बसवून, चक्कर येत नाही हे पाहून, यजमानांसोबत त्यांना घरी पाठवले.

ब्लॉक सुरू करण्याआधीच थांबण्याची अटही फायलीत लिहून ठेवली होती. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने जास्तीत जास्त तीन ब्लॉक द्यायचे आणि तोवर डोकेदुखीचे दिवस एक तृतीयांशाने कमी झाले नाहीत तर चौथा द्यायचा नाही. अशी अट आधी लिहिली नाही तर प्रत्येक सुईनंतरचे चार चांगले दिवस पुढच्या सुईचे समर्थन होऊन बसतात.

बधिरपणा संध्याकाळपर्यंत गेला. आराम मात्र दहाएक दिवस टिकला. गोळ्या थांबवल्याचा तिसरा ते सहावा दिवस वाईट गेला, दोन दिवस रजा पडली, सासूबाईंनी सुंठेचा लेप घालून पाहिला आणि “एक गोळी घेतलीस तर काय बिघडतं” असेही विचारले. मेधाताईंनी त्या पंधरवड्यात नॅप्रोक्सेन दोनदा घेतले. मिश्र गोळी एकदाही घेतली नाही. मे महिन्याच्या पानावर निळे ठिपके १२ आणि लाल रेघा ६ होत्या. अट पूर्ण झाली होती. मेअखेरच्या तिसऱ्या ब्लॉकचा आराम मात्र जेमतेम आठवडाभर राहिला आणि जूनमध्ये ठिपके १४ वर गेले.

दुसरा निर्णय : बोटॉक्स की यंत्र

जुलैत मेधाताईंना चौथा ब्लॉक हवा होता. तो दिला नाही. गोळ्या सुटेपर्यंतचा पूल हे त्याचे काम पूर्ण झाले होते आणि दर महिन्याला वाशीला जाऊन सुई टोचून घेणे ही दीर्घ पल्ल्याची योजना होऊ शकत नव्हती.

बोटॉक्सच्या बाबतीत एक वेगळाच पेच समोर आला. फेब्रुवारीत महिन्याला १९ दिवस होते तेव्हा त्या बोटॉक्सच्या निकषात बसत होत्या. आता १४ वर आल्यामुळे त्या निकषाबाहेर गेल्या होत्या. पंधरापेक्षा कमी दिवस डोकेदुखी असलेल्या रुग्णांवर बोटॉक्सच्या चाचण्या झालेल्या आहेत आणि त्यांत ते सलाइनपेक्षा सरस ठरले नाही. एका दिवसाच्या फरकाने एवढे काय बिघडते, हा यजमानांचा प्रश्न रास्त होता. चौदा आणि पंधरा यांत शरीराच्या दृष्टीने भिंत नाही, हे खरे. पण दिवस उतरणीला लागलेले असताना, दोन फेऱ्यांचा मोठा खर्च करून, जेथे पुरावा संपतो तेथून सुरुवात करणे न्यूरॉलॉजिस्टांनाही पटले नाही. दोन महिने सलग १५ च्या वर गेले तर बोटॉक्स पुन्हा विचारात घ्यायचे, असे लिहून ठेवले.

राहिली यंत्रे. दंडाच्या यंत्राचा पुरावा चांगला आहे. झटक्याच्या वेळी वापरल्यास दोन तासांनी ६६.७ टक्के लोकांना आराम आणि खोट्या यंत्राने ३८.८ टक्के, असा २०१९ च्या चाचणीचा निष्कर्ष आहे. एक दिवसाआड वापरल्यास मायग्रेनचे दिवस कमी होतात, असेही २०२३ मध्ये दाखवले गेले. मात्र त्याच्या वापराच्या वेळा ठरावीक असतात आणि त्या संपल्या की नवे घ्यावे लागते. कपाळाचे यंत्र अमेरिकेत २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळते आणि मेधाताईंचे धाकटे दीर गणपतीला तेथून येणार होते. निवड अशी बरीचशी व्यवहाराने झाली. त्यात लपवण्यासारखे काही नाही. रुग्ण जे रोज वापरू शकेल तेच यंत्र चांगले.

रोज वापरण्याचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरला. हेच कपाळाचे यंत्र भाड्याने घेऊन पाहणाऱ्या २,३१३ जणांच्या पाहणीत ५३ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांनी समाधान झाल्यामुळे ते विकत घेतले. ज्यांनी परत केले त्यांच्या यंत्रांतील नोंदी पाहिल्या तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या निम्म्याहूनही कमी वेळ ते वापरले गेले होते, आणि काहींनी तर एकदाही चालू केलेले नव्हते. म्हणून कालनिर्णयवर आता हिरवी रेघही आली. रोज रात्री जेवणानंतर २० मिनिटे, तीन महिने, आणि मग पुनर्विचार.

अडचण आली ती माहितीपत्रकात नसलेली. यंत्राची चिकट पट्टी दोन भुवयांच्या मध्ये, बरोबर टिकलीच्या जागी बसते. टिकलीचा गोंद, घाम आणि सप्टेंबरची दमट हवा यांमुळे पट्टी सुटायची आणि यंत्र मध्येच बंद पडायचे. कपाळ साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करणे आणि पट्टी वापरल्यावर लगेच तिच्या प्लास्टिकवर लावून ठेवणे, एवढ्याने काम झाले. तरीही सुमारे वीस वेळा वापरायची पट्टी त्यांना तेरा-चौदा वेळाच पुरत होती आणि नव्या पट्ट्या परदेशातून मागवाव्या लागत होत्या. पहिल्या आठवड्यात झिणझिण्या सहन होत नव्हत्या, तेव्हा जोर कमी ठेवून हळूहळू वाढवला.

परिणाम

सप्टेंबरात ठिपके १३ होते, ऑक्टोबरात ११ आणि डिसेंबरात ८. डिसेंबरात वेदनाशामक घेतल्याचे दिवस ५ होते. हिरव्या रेघा महिन्यातून चोवीस-पंचवीस, म्हणजे वापर चांगला होता. आजारपणाची रजा वर्षाच्या उत्तरार्धात एकदाच पडली.

यातले किती श्रेय यंत्राचे, हा प्रश्न न्यूरॉलॉजिस्टांनीच काढला, कारण ॲमिट्रिप्टिलिन चालू होते, मिश्र गोळ्या सुटल्या होत्या आणि कंपनीने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी दिल्यामुळे सकाळचा नाश्ताही वेळेवर होऊ लागला होता. तेव्हा जानेवारीत, मेधाताईंच्या संमतीने, बाकी सगळे तसेच ठेवून चार आठवडे यंत्र बंद ठेवले. ठिपके ८ वरून ११ झाले. एका रुग्णाच्या एका महिन्यावरून सिद्धता होत नाही; थंडी, लग्नसराई, अपुरी झोप असे काहीही आड येऊ शकते. तरी पुढे पट्ट्यांवर पैसे खर्च करायचे की नाही हे ठरवायला तो फरक त्यांना पुरेसा वाटला आणि फेब्रुवारीत यंत्र पुन्हा सुरू झाले.

माझे मत विचाराल तर सर्वांत मोठा वाटा मिश्र गोळ्या सुटण्याचा आहे. ब्लॉकने ते सुटणे सोसण्याजोगे केले आणि यंत्राने नंतरची उतरण टिकवून धरली.

वेगळे काय करता आले असते

गोळ्यांचे दिवस मोजणे दोन वर्षे आधी शक्य होते. चष्मा, सायनस आणि एमआरआय यांच्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी विचारले असते, तर दुसऱ्या एमआरआयचे पैसे वाचले असते आणि कदाचित टोपिरामेटवर जाण्याची वेळही आली नसती. केमिस्टच्या दुकानात दर आठवड्याला त्याच गोळ्या नेणाऱ्या ग्राहकाला हटकण्याची पद्धत आपल्याकडे नाही, आणि येथे ती असती तर फार उपयोग झाला असता.

ब्लॉकसाठी वाशी निवडण्यामागे तज्ज्ञांची सवय हे कारण होते. दुसऱ्या ब्लॉकच्या दिवशी मात्र मे महिन्याच्या उन्हात दुपारी प्रवास झाला, परतताना ऐरोलीजवळच ठणका सुरू झाला आणि त्या दिवशीचा परिणाम मोजता आला नाही. ठाण्यातच ही सोय असलेले वेदनातज्ज्ञ आहेत. घराजवळची, सकाळची वेळ घेणे अधिक चांगले झाले असते.

यंत्र विकत घेण्यापूर्वी काही आठवडे भाड्याने घेऊन पाहता आले असते तर निर्णय सोपा झाला असता. तशी सोय मिळाली नाही. पट्ट्यांच्या पुरवठ्याची चौकशी मात्र दीर परत जाण्यापूर्वीच व्हायला हवी होती. ऑक्टोबरात पट्ट्या संपल्यामुळे सहा दिवस खंड पडला. मानेच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी सुचवलेली होती, ती चार वेळांनंतर सुटली आणि तिचा काय परिणाम झाला असता हे कळायला मार्ग नाही.

सध्याची स्थिती

शेवटच्या भेटीत तीन गोष्टी ठरल्या. ॲमिट्रिप्टिलिन तूर्त चालू राहील आणि सहा महिन्यांनी कमी करून पाहायचे. मार्चअखेरच्या कामात गोल केलेले ठिपके एका आठवड्यात तीनपेक्षा जास्त झाले, तर एक ब्लॉक ठाण्यातच घ्यायचा, पण एकच. आणि लाल रेघा महिन्यात आठवर गेल्या तर दुखणे किती आहे याची वाट न पाहता मला फोन करायचा. नव्या वर्षाच्या कालनिर्णयच्या पहिल्या पानावर हे तिन्ही नियम त्यांच्या मुलीने पेनने लिहिले आहेत.